मीटर रूममधल्या काठ्या

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि मुलुंड पूर्वेच्या चौतीस सोसायट्यांच्या मीटर रूम माझ्या होत्या. माझ्या म्हणजे कागदावर नव्हेत. पण फ्यूज उडाला, मोटर जळाली, जिन्यातला दिवा लुकलुकायला लागला की सेक्रेटरी पहिला फोन मला करायचे. मी चौथी पास. चौथीतूनही मास्तरांनी पुढे ढकलला म्हणून पास. पुढे ज्या उस्तादाच्या हाताखाली वायरिंग शिकलो त्याला सहीसुद्धा येत नव्हती, पण भिंतीला हात लावून आत वायर कुठून गेलीय ते तो सांगायचा. मलाही सांगता येतं. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. बढाई असली तरी खरी आहे.

त्या वर्षी जुलैत नवघर रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका चार मजली बिल्डिंगीत पाण्याच्या मोटरचा स्टार्टर बघायला गेलो. मीटर रूमचं दार उघडलं, तर दाराच्या मागे खिळ्याला एक काठी टांगलेली. बांबूची, साडेचार फुटांची. एका टोकाला लोखंडी आकडा, दुसऱ्या टोकाला धरायच्या जागी चौकड्यांचं कापड गुंडाळून हातशिलाईनं शिवलेलं. टाके बारीक आणि सारखे.

मी ती काठी खाली घेतली आणि उलटीसुलटी करून पाहिली. कोणाचं नाव नाही. आपल्याकडे बसस्टॉपजवळ बाकडं ठेवलं तरी त्यावर देणाऱ्याचं नाव बाकड्यापेक्षा मोठं असतं. इथे काहीच नाही. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "चाचा, कोई मियां-बीवी आए थे स्कूटर पे. बोले, किसी को करंट लगे तो इससे छुड़ाने का. चाय पूछा तो चाय भी नहीं पिए."

करंट लागलेल्या माणसाला सोडवायची काठी! कल्पना बरी होती. पण मी बांबूवर नख दाबलं तर नख आत गेलं. चाकूनं साल खरवडली तर खाली हिरवं. ओला बांबू, आठ-पंधरा दिवसांपूर्वी तोडलेला. आणि ओल्या बांबूतून करंट येतो. सुक्या लाकडातून येत नाही, ओल्यातून येतो, हे वायरमनकीतलं पहिलं अक्षर आहे. वर लोखंडी आकडा, मुठीला दमट हवा पिणारं सुती कापड. म्हणजे ज्याला सोडवायचं तो राहील बाजूला आणि सोडवणारा चिकटेल.

माझं डोकं फिरलं. माझ्या मीटर रूममध्ये मला न विचारता असला प्रकार? वॉचमन तोवर चहाला गेला होता. मी काठी पायाखाली घेऊन मोडली आणि बाहेर भंगाराच्या ढिगात टाकली. कापड मात्र कापून घेतलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड होतं, निळ्या चौकड्यांचं. टेस्टर गुंडाळायला आणि हात पुसायला बरं पडेल म्हणून पिशवीत टाकलं.

चार दिवसांनी दुसरी काठी सापडली, शेजारच्या सोसायटीत. मग तिसरी. मी त्याही काढल्या. काढताना कोणाला सांगितलं नाही. काम माझं, जागा माझी, कोणाला काय सांगायचं? ऑगस्टच्या अर्ध्यापर्यंत अकरा झाल्या. दर काठीचं कापड वेगळं. हिरव्या चौकड्या, तपकिरी, लाल-काळ्या, पांढऱ्यावर बारीक रेघा. कापडं मी सगळी ठेवली. काठ्यांचा राग होता, पण त्या कापडांचं मला काहीतरी वाटायला लागलं होतं. कोण माणूस आहे हा, की बांबूचं त्याला काही कळत नाही आणि शिवणाचं इतकं कळतं?

एक दिवस आमच्या हिनं माझी पिशवी झाडली. आमची ही मालवणची. पन्नास वर्षं भांडुपच्या डोंगरावर काढली तरी बोलणं तिकडचंच. तिनं कापडं जमिनीवर ओळीनं मांडली आणि त्यातलं एक डोळ्याजवळ नेलं.

"ह्यां शर्टाचा कापड आसा," ती म्हणाली. "ह्यां बघा काज. बटणाचा."

"असेल."

"असेल काय? सगळी शर्टांचीच आसत. एकाच माणसाची. बारीक अंगाचो झील असतलो. आणि बायेन शिवल्यान हत, पुरुष असा शिवूचो नाय."

"मग त्या पोरानं शर्ट टाकून दिले असतील."

ही माझ्याकडे बघत राहिली. "अकरा शर्ट कोण टाकता? तेही फाटले नसताना?"

मी म्हटलं, "बाईमाणसाला विजेतलं काय कळतं."

"माका इजेतला नाय कळत. शर्टांतला कळता."

त्यानंतर मी त्या कापडानं हात पुसायचं थांबवलं. का, ते माझं मलाच नीट सांगता आलं नसतं. पण निळ्या चौकड्यांचं पहिलं कापड तोवर तेलानं काळं झालेलं होतं.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली, ती मी लपवत नाही. पहिल्या बिल्डिंगीत मी बेलचं काम करत होतो आणि सेक्रेटरी वॉचमनला झापत होता. मीटर रूममधली काठी गायब होती आणि सेक्रेटरीचं म्हणणं, वॉचमननं ती भंगारवाल्याला विकली. "लोग फोकट में देके जाते हैं और तुम लोग बेच के खाते हो!" वॉचमन माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, गावाकडे शेती असलेला, कोणाच्या वस्तूला हात न लावणारा माणूस. तो माझ्याकडे वळला.

"चाचा, आप तो आते-जाते रहते हो. आपने देखा क्या डंडा?"

"मैं यहां डंडे देखने आता हूं क्या?" मी म्हटलं आणि शिडीवर चढलो.

शिडीवर माझे कान गरम झाले होते. पण एकदा तोंडातून गेलेलं परत घ्यायची मला सवय नव्हती. आयुष्यात कधीच नव्हती. सेक्रेटरीनं त्याला सगळ्यांदेखत 'पुन्हा काही हललं तर एजन्सीला सांगून बदलून टाकीन' असं सुनावलं. मी वर बेलचा स्क्रू आवळत राहिलो, तो आधीच आवळलेला होता.

आता मला ती माणसं गाठायचीच होती. अर्धा राग होता आणि अर्धं, खरं सांगतो, कुतूहल. काठ्या कुठे कुठे सापडल्या ते मी मनात मांडलं. ते दोघं गल्लीच्या एका टोकापासून एकेक सोसायटी धरून येत होते, उजवीकडची बाजू संपवून डावीकडच्या दोन सोसायट्यांपर्यंत आले होते. वॉचमन लोक म्हणायचे, येतात ते रविवारीच. म्हणजे पुढल्या रविवारी डावीकडची तिसरी. मी त्या सोसायटीच्या वॉचमनचं स्टूल मागून घेतलं आणि सकाळी आठपासून मीटर रूमच्या दारात बसलो. सोबत हिनं दिलेले घावणे होते.

दहाच्या सुमाराला स्कूटर आली. पन्नाशीचा चष्मेवाला माणूस चालवत होता, शर्ट खोचलेला, ऑफिसातला वाटावा असा. मागे त्याची बायको आडवी बसलेली, मांडीवर चार काठ्या, जसं कोणी झोपलेलं मूल धरावं तशा दोन्ही हातांनी धरलेल्या. मी स्टुलावरून उठलो नाही.

"काका, मीटर रूम उघडायची होती जरा," माणूस म्हणाला.

"कशाला?"

"ही काठी लावायचीय. सुरक्षेसाठी आहे. मोफत आहे."

"फुकट विष दिलं तर घ्यायचं का?"

त्यानं चष्मा वर केला. "तुम्ही कोण?"

"इथला वायरमन. आणि तुमच्या अकरा काठ्या मी काढल्यात."

तो माणूस असा लाल झाला की मला वाटलं आता हात उगारतो. "तुम्ही? आम्हाला वाटलं, पोरंटोरं काढतायत. अहो, तुम्हाला लाज नाही वाटत? एकेक काठी आम्ही... कोणाच्या परवानगीनं काढल्यात?"

"तुम्ही कोणाच्या परवानगीनं लावल्यात?"

"सेक्रेटरीच्या!"

"सेक्रेटरीला बल्ब बदलता येत नाही."

आवाज चढले. वरच्या गॅलऱ्यांत माणसं आली. कोणीतरी वरून "अरे, काय झालं?" विचारलं. तो म्हणत होता, तुमच्यासारख्या अडाणी माणसांमुळे या देशात काही चांगलं होत नाही. मी म्हणत होतो, शिकलेल्यांनी ओला बांबू ओळखून दाखवावा, मग बोलावं. अडाणी शब्द मला लागतो. तो कोणी म्हटला की मी दुप्पट अडाणी होतो.

तेवढ्यात बाई स्कूटरवरून उतरल्या. काठ्या त्यांनी जमिनीवर ठेवल्या नाहीत, भिंतीला नीट टेकवल्या. आणि मला विचारलं, "का काढल्यात?"

नुसतं विचारलं. रागानं नाही. मला जसं त्या टाक्यांबद्दल वाटत होतं तसंच, जाणून घ्यायचं म्हणून. मग मला भांडता येईना. मी एक काठी घेतली, नख दाबून दाखवलं. चाकूनं साल काढून खालचं हिरवं दाखवलं. आकडा दाखवला. ओल्यातून करंट कसा येतो ते सांगितलं. बाई ऐकत होत्या. त्यांचा नवरा ऐकत नव्हता.

"बांबू चालत नाही असं म्हणताय?" तो म्हणाला. "माझ्या मुलानं बांबूनंच बाई वाचवली! याच बाजारात. तीन वर्षांपूर्वी, गणपतीत."

गॅलऱ्यांतली माणसं वाकून त्याच्याकडे बघायला लागली. मलाही आठवलं. त्या गणपतीत पाणी भरलं होतं, रोषणाईची वायर तुटून लोखंडी पोलवर पडली होती आणि कॉलेजातला एक मुलगा हार विकणाऱ्या बाईला सोडवताना गेला होता. मुलुंडमध्ये सगळ्यांनी ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं, आणि ऐकून 'वायर कुठल्या गाढवानं ओढली होती' एवढंच म्हटलं होतं.

मी टेस्टर काढायला पिशवीत हात घातला. बोलायला काही सुचत नसलं की माझा हात हत्याराकडे जातो. टेस्टर बाहेर आला तो त्या निळ्या कापडात गुंडाळलेला. तेलकट, काळं.

बाईंनी ते पाहिलं. बोटानं कापडाचा एक कोपरा वर केला, तिथे अजून निळं दिसत होतं.

"हा त्याचा अकरावीतला शर्ट," त्या म्हणाल्या.

माझ्या वयाच्या माणसाला रस्त्यात कान धरून उभं केलं तरी जेवढं वाटणार नाही तेवढं मला वाटलं. माफी मागायला हवी होती. मागता आली नाही. मी म्हटलं, "बाकीचे दहा घरी आहेत. धुतलेले."

बाई म्हणाल्या, "काका, घरी येता? जवळच आहे. एक बांबू दाखवायचाय तुम्हाला."

त्यांचा नवरा "कशाला?" म्हणाला, पण त्या स्कूटरवर बसल्याच नाहीत, माझ्याबरोबर चालायला लागल्या. मग तोही स्कूटर ढकलत मागून आला.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. चहा मी नको म्हटलं. त्यांनी माझ्या सोसायट्यांत घेतला नव्हता, मीही घेणार नव्हतो. गॅलरीत आडवा ठेवलेला तो बांबू होता. मंडपाचा, नऊ फुटी, एका बाजूला सुंभाचा व्रण. पोलिसांनी परत दिल्यावर मुलाच्या वडलांनी तो खांद्यावरून घरी आणला होता. याच बांबूवरून त्यांना काठ्यांचं सुचलं. मुलाच्या नावानं शाळेत बक्षीस ठेवा, रक्तदान करा, असं नातेवाईक सुचवत होते. वडील म्हणाले, त्यानं जे केलं ते पुढच्या माणसाला करता यावं, एवढंच द्यायचं. नाव कुठे घालायचं नाही, कारण नाव घातलं की लोक नाव वाचतात आणि काठी बघत नाहीत. हे त्यांचं म्हणणं मला पटलं. शर्टाची कल्पना आईची. धरणाऱ्याचा हात घसरू नये म्हणून.

मी बांबूपाशी उकिडवा बसलो. ठोकला, कान लावला, पेरं मोजली. आता खडखडीत वाळला होता.

"त्या दिवशी हा ओला होता का?" वडलांनी विचारलं. आवाज आता उतरला होता. "खरं सांगा. यातूनच आला का करंट? म्हणजे माझा मुलगा या बांबूनं गेला आणि मी तीन वर्षं तोच..."

आणि मला कळलं की हा माणूस खाली माझ्याशी का भांडत होता. भांडण काठ्यांचं नव्हतंच. मी नख दाबलं तेव्हाच हा प्रश्न त्याला पडला होता.

मी खोटं सांगू शकलो असतो. पण विजेचं विचारलं तर मी खोटं सांगत नाही, आणि वॉचमनशी डंड्याबद्दल एकदा खोटं बोललो होतो त्याचीच चव अजून तोंडात होती. मी म्हटलं, "वाळलेला बांबू बघून त्या दिवशीचं नाही सांगता येत. कोणी बघितलं होतं का? नीट, जवळून?"

"तीच बाई," आई म्हणाल्या. "हारवाली. अजून स्टेशनजवळ बसते. मी जाते तिच्याकडे कधीकधी. तिनं सगळं सांगितलंय मला."

"मग तुम्ही मला सांगा. तिनं जसं सांगितलं तसं."

आईंनी सांगितलं. बाईचा हात पोलला चिकटला होता. मुलगा बांबू घेऊन पाण्यातून आला. पहिला फटका तिच्या हातावर बसला तरी हात सुटेना. त्याचे हात थरथरत होते. दुसरा फटका. मग त्यानं बांबू या हातातून त्या हातात घेतला आणि "मावशी, सोड!" म्हणून ओरडून तिसरा मारला. ती सुटली आणि तोंडावर पाण्यात पडली. तेव्हा तो बांबू टाकून तिला उचलायला पुढे गेला, पोलच्या अगदी जवळ. तिला त्यानं मागे ढकललं. तो नाही आला.

"थरथरत होता म्हणून सगळे म्हणतात घाबरला होता," वडील म्हणाले. "माझा भाऊ म्हणाला, एवढा घाबरला होता तर जायचं कशाला? पोरवय, समज नाही, उगाच उडी घेतली. मला वाटतं, घाबरू दे ना. पण समज नव्हती, हे... मी इंजिनियरिंगला घातला होता हो त्याला."

मी आईंना म्हटलं, "परत सांगा. बांबू या हातातून त्या हातात घेतला?"

"हो. ती असं करून दाखवते." त्यांनी करून दाखवलं. उजव्या हातातून डाव्या हातात, पटकन, तापलेलं पातेलं घ्यावं तसं.

मी उठून उभा राहिलो. गुडघे दुखतात, एरवी मी भिंत धरून उठतो. तेव्हा धरली नाही.

"तो घाबरून थरथरत नव्हता," मी म्हटलं. "बांबू ओला होता. ओल्या बांबूतून करंट एकदम येत नाही, थोडा थोडा येतो. आधी बोटांना मुंग्या. मग मनगट हलायला लागतं, आपल्या हातात राहत नाही. पण टाकता येतो बांबू. हात चिकटत नाही, वेळ मिळतो. पहिल्या फटक्यालाच त्याला कळलं होतं. कळलं म्हणून तर हात बदलला. नकळत करणारा माणूस हात बदलत नाही."

वडलांनी वाकून बांबूवर हात ठेवला, तेव्हा मी पुढचंही सांगितलं.

"आणि बांबूनं तो गेला नाही. बांबू त्यानं टाकलाच होता. पोलजवळच्या पाण्यानं गेला, बाईला उचलताना. पण बांबू धरलेला होता तेवढा वेळ त्याला कळत होतं की आपल्याला करंट येतोय. तेवढा वेळ तो धरून राहिला. तीन फटके."

"तुम्हाला कसं माहीत?" वडलांनी विचारलं. शंकेनं नव्हे. त्यांना पक्कं हवं होतं.

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते मी आमच्या हिलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"मी टाकलाय," मी म्हटलं. "तिशीत होतो. घाटकोपरला कारखान्यात काम चालू होतं, जोडीदार पॅनलला चिकटला. मी ओला बांबू उचलला, एक फटका मारला. मुंग्या आल्या. टाकून दिला आणि मागे सरलो. उस्तादानं पळत जाऊन मेन स्विच पाडला, करंट बंद केला म्हणून तो वाचला. त्याची दोन बोटं गेली. तो पुढे माझ्याशी कधी बोलला नाही, आणि मी सगळ्यांना सांगत आलो की बांबू हातातून निसटला."

गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याचा आवाज येत होता. बाई आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. पाणी मी घेतलं.

वडील म्हणाले, "मग बांबू वाईट नाही म्हणायचा."

काय हट्टी माणूस होता! मला त्याच्यात मी दिसलो. "साहेब," मी म्हटलं, "बांबू वाईटच. तुमचा मुलगा चांगला होता. प्रत्येक मीटर रूमबाहेर तसा माणूस उभा नसतो. बहुतेक वेळा माझ्यासारखा असतो. काठी माझ्यासारख्याच्या हाताला चालली पाहिजे."

ते खाली बघून मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मग कशाची करायची?"

मी पिशवीतून माझी काठी काढली. ती मी कोणाला हात लावू देत नाही. उस्तादाची. जुन्या खाटेचा बाजूचा दांडा, सागवानी, हाताएवढा कापलेला. उस्ताद म्हणायचा, ज्या लाकडावर तीस वर्षं माणूस झोपला त्यात पाणी राहत नाही. खरं-खोटं देव जाणे, पण लाकूड उत्तम. मी ती त्यांच्या हातात दिली. म्हटलं, अशी हवी. सुकी, जड नाही, लोखंड कुठे नाही, वर वॉर्निश. आणि काठीच्या आधी मेन पाडायचा, तो कुठे आहे हे वॉचमनला दाखवायचं. काठी नंतरची गोष्ट.

आई काठी हातात घेऊन बघत होत्या. मग त्या आतल्या खोलीच्या दारात गेल्या. आत एक पलंग होता, जुन्या घाटाचा, गादी गुंडाळून उशाशी ठेवलेली. मुलाच्या आजोबांनी करून घेतलेला आणि मुलगा झोपायचा तो, असं नंतर कळलं.

"हे चालेल का?" त्यांनी विचारलं.

वडील म्हणाले, "अगं..." आणि थांबले.

मी म्हटलं, "मी सुतार नाही."

"सुतार मी बोलावीन. तुम्ही फक्त सांगा, चालेल का."

आयुष्यभर मी लोकांना फटकन उत्तर दिलं. तेव्हा नाही दिलं. आत गेलो. पलंगाच्या दांड्यावर नख दाबलं. बोटाच्या पेरानं ठोकलं. टण्ण आवाज. चौकशी करायची म्हणून किती वर्षांचा ते विचारलं. त्या म्हणाल्या, पंचेचाळीस तरी. मी त्यांच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो पलंगाच्या कडेला टेकला आणि त्यानं हाताच्या वितीनं दांडा मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मोजून झाल्यावर म्हणाला, "दोन्ही बाजूंचे दांडे आणि मधल्या पट्ट्या धरून सोळा काठ्या होतील. साडेचार फुटांच्या नाही होणार. अडीच-अडीच फुटांच्या."

"अडीच पुरे," मी म्हटलं. "पण अकरा आधी माझ्या रिकाम्या केलेल्या जागी लागल्या पाहिजेत. आणि तुम्ही लावलेल्या बाकीच्या बांबूच्या काठ्या मी आजच उतरवणार. या वेळी तुमच्यादेखत."

"मी येतो," तो म्हणाला. आणि आला. दुपारभर आम्ही दोघं स्कूटरवरून फिरलो, त्यानं स्वतःच्या हातानं काठ्या उतरवल्या, कापडं सोडवून घडी घालून डिकीत ठेवली. सगळ्या वेळात तो दोनच वाक्यं बोलला. एकदा म्हणाला, "हात बदलला त्यानं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "हात बदलला."

घरी आल्यावर मी हिला घाटकोपरचं सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "माका म्हायती होता. तुमच्या उस्तादाच्या बायकोन तेव्हाच सांगितल्यान."

"चाळीस वर्षं बोलली नाहीस?"

"तुमी सांगतास की नाय ता बघी होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सात वाजता नवघर रोडच्या मागच्या त्या पहिल्या बिल्डिंगीत गेलो. पलंगाच्या काठ्या व्हायला आठवडा लागणार होता आणि तोवर मीटर रूम रिकामी ठेवणं मला बरं वाटेना. उस्तादाच्या काठीला नायलॉनची दोरी बांधून ती दारामागच्या त्याच खिळ्याला अडकवली. वॉचमनला आत बोलावून मेन स्विच दाखवला, तीनदा पाडायला आणि चढवायला लावला. मग त्याला घेऊन सेक्रेटरीच्या घरी तिसऱ्या मजल्यावर गेलो. सेक्रेटरी दाढी करत होता, गालाला साबण तसाच.

"वो डंडा इसने नहीं बेचा," मी म्हटलं. "मैंने तोड़ा था."